फांसा कोणाच्या हातीं ?

खेळांतील लबाडी हा विषय एखाद्या वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर यावा, याचें आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्यांच्या घरांत बारा ते अठरा वर्षांचें एखादें अपत्य आहे आणि त्या अपत्याच्या हातांत मोबाइल आहे, त्यांना तें वाटणार नाहीं. अशा घरांत रात्रीं पानें मांडलीं असतां आंतल्या खोलींतून "मागें बघ, मागें बघ !", "मेलों रे, उचल मला !" असे आक्रोश ऐकूं येतात, नवखा पाहुणा हातांतला घांस ताटांत ठेवून दचकून उभा राहतो, आणि यजमानीणबाई मात्र शांतपणें शेवभाजी वाढीत म्हणतात, "बसा हो, तो रोजच मरतो." या रोजच्या मरणांत विचार करण्यासारखें कांहीं असेल, असें आम्हांला पुष्कळ दिवस वाटलें नव्हतें. गेल्या पावसाळ्यांत तें वाटावयाची पाळी आली, त्याची ही हकीकत आहे.

आम्ही चाळीसगांवीं एका शाळेंत गणित शिकवितों. गणिताच्या शिक्षकाला या गांवांत राहण्याचा थोडा अभिमान बाळगण्याचा हक्क आहे. कारण जवळच पाटण येथें सांपडलेल्या शिलालेखांत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद आहे, आणि ती तेराव्या शतकाच्या आरंभींची आहे. आम्ही मात्र त्या परंपरेच्या अगदीं खालच्या पायरीवर आहों. आमच्या हयातीचा अर्धा भाग 'क्ष'ची किंमत काढण्यांत गेला, आणि उरलेला अर्धा परीक्षेच्या दालनांत मुलांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढण्यांत !

आमच्या धाकट्या मुलाला सोळावें वर्ष सरलें आहे. त्याचें तें मोबाइलवरील खेळणें आम्हांला प्रथम मुळींच पसंत नव्हतें. परंतु मनुष्याच्या तत्त्वनिष्ठेला कीर्तीचा वारा लागला, कीं ती कशी डुलूं लागते पाहा. पोराचा हात एकाएकीं चालूं लागला. आळींतील मुलें त्याच्याकडे आदरानें पाहूं लागलीं, एका लहानशा सामन्यांत तो पहिला आला, आणि एके दिवशीं भाजी घेत असतां दोन अनोळखी पोरें आमच्याकडे बोट दाखवून आपसांत म्हणालीं, "हे त्याचे बाबा." वीस वर्षें वर्गसमीकरणें शिकवून जी प्रसिद्धि आम्हांला मिळाली नव्हती, ती अशी आयती पदरांत पडली. दुसऱ्याच दिवशीं शिक्षकांच्या खोलींत आम्हीं, सरकारनें २०२२ च्या डिसेंबरांत ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील एक प्रकार म्हणून मान्यता दिली असल्याची माहिती सर्वांस ऐकविली. ती कोणीं विचारली नव्हती, हें सांगावयास नकोच.

अशा वैभवाच्या काळांत एके सायंकाळीं तो पडलेल्या चेहऱ्यानें ओट्यावर येऊन बसला. त्याचें खेळाचें खातें कंपनीनें कायमचें बंद केलें होतें. कारण एका ओळींत दिलें होतें : बाहेरील प्रोग्रामचा वापर. आमचा संताप अनावर झाला. आमच्या मुलावर आळ ! तेथल्या तेथें कागद घेऊन आम्हीं इंग्रजींत एक निवेदन लिहिलें. त्यांत त्याच्या शीलाची ग्वाही होती, आमच्या नोकरीच्या वर्षांचा उल्लेख होता, आणि शेवटीं नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचाही एक दाखला होता. तें सर्व मोबाइलवर उतरवून आम्ही पाठविण्याचें बटण दाबणार, तोंच तो खालीं बघत म्हणाला, "बाबा, नका पाठवूं."

नंतर जें बाहेर आलें तें थोडक्यांत असें. आत्यानें वाढदिवसाला दिलेले रुपये खर्च करून त्यानें कोणा अज्ञात विक्रेत्याकडून एक महिन्याच्या बोलीनें एक प्रोग्राम घेतला होता. तो चालूं केला कीं भिंतीपलीकडचे शत्रू दिसत आणि नेम आपोआप लागे. एक महिन्याचे तीन महिने झाले होते. आमच्या सौभाग्यवतींनीं हें सर्व दारांत उभें राहून ऐकलें, आणि त्या इतकेंच म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या पोरांच्या चिठ्ठ्या पकडण्यांत तुमचा जन्म गेला, घरांतली तेवढी दिसली नाहीं."

आम्ही रागावलों, हें उघड आहे. परंतु रागावून झाल्यावर आम्हांला जिज्ञासा उत्पन्न झाली. ही लबाडी होते तरी कशी, आणि एवढ्या मोठ्या कंपन्यांना ती मुळांतच कां बंद करतां येत नाहीं ? दोनतीन रात्रीं आम्ही शिष्य झालों आणि तो गुरु झाला. पुढें आम्हीं स्वतःही कांहीं वाचलें. जें समजलें तें आमच्या भाषेंत सांगतों.

कापसाच्या हंगामांत आमच्या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या मनांत जो प्रश्न असतो, तोच येथें मूळ प्रश्न आहे : कांटा कोणाच्या घरांत आहे ? व्यापाऱ्याच्या घरांत कांटा असला, तर तो कांटा मारील, हें भय. म्हणून बाजार-आवार आले, म्हणून वजनेंमापें तपासून त्यांवर शिक्का मारणारे निरीक्षक आले. जाळ्यावरील खेळांत शंभर मुलें शंभर गांवीं बसून एकाच मैदानांत लढतात. गोळी लागली कीं नाहीं, कोणाची किती शक्ति उरली, हा हिशेब प्रत्येकाच्या मोबाइलनेंच करावयाचा ठरविला, तर कांटा खेळाडूच्या घरांत राहिला. मग त्यानें तो मारला तर नवल कसलें? म्हणून शहाण्या कंपन्या हिशेबाचा कांटा आपल्या सर्व्हरवर ठेवतात. खेळाडूच्या यंत्रानें फक्त सांगावयाचें, कीं मी इकडे सरकलों, तिकडे नेम धरला. निकाल सर्व्हरनें द्यावयाचा. एवढ्या एका युक्तीनें अनेक लबाड्या जागच्या जागीं मरतात.

मग उरतात त्या कोणत्या ? एक दृष्टीची आणि दुसरी हाताची. निरोप चाळीसगांवाहून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास सेकंदाचा दहावा किंवा विसावा भाग तरी लागतो. भिंतीआडचा शत्रू बाहेर पडल्यावरच त्याची खबर पाठवूं म्हटलें, तर तो मोबाइलच्या पडद्यावर भुतासारखा अकस्मात् प्रगट होईल. म्हणून तो दिसण्याच्या थोडें आधींच त्याचा ठावठिकाणा यंत्राला कळवून ठेवावा लागतो. त्याच्या पावलांचा आवाज ऐकवायचा, तरीही तो कोठें आहे हें यंत्राला ठाऊक असलें पाहिजे. यंत्राला ठाऊक आहे आणि मालकाला ठाऊक नाहीं, अशी ही स्थिति; आणि मालकानें आपल्याच यंत्राच्या खिशांत हात घातला, कीं भिंत पारदर्शक झाली ! हें टाळण्यासाठीं कांहीं खेळ शत्रूची खबर शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवतात. पण तो शेवटचा क्षण अगदीं शून्य करतां येत नाहीं.

हाताच्या लबाडीचें स्वरूप याहून अवघड आहे. नेम धरल्याचा निरोप सर्व्हरला पोंचतो तो सर्वस्वी कायदेशीर असतो. तो अंगठ्यानें धरला कीं प्रोग्रामनें, हें त्यावर लिहिलेलें नसतें. उत्तरपत्रिकेवरील बरोबर उत्तर कोणाच्या डोक्यांतून आलें, हें कागद सांगत नाहीं, याचा अनुभव आमच्या व्यवसायांतील प्रत्येकाला आहे. तेव्हां कंपन्यांनीं पर्यवेक्षक नेमले. व्हॅल्व्ह कंपनीनें २००२ सालीं असा एक पहारेकरी प्रोग्राम आणला. रायट कंपनीनें २०२० सालीं आणलेला पहारेकरी तर संगणक चालूं होतांच जागा होतो आणि त्याच्या अगदीं गाभाऱ्यांत जाऊन बसतो. एका खेळासाठीं परक्याला घराच्या किल्ल्या कां द्याव्या, अशी तक्रार त्यावर झाली, आणि ती अवास्तव होती असें आम्हांला वाटत नाहीं. शिवाय लबाडांनीं याच्याही पुढची पायरी गांठली आहे. दुसऱ्या संगणकाकडून पहिल्याची स्मृति वाचवून घेणें, किंवा पडद्याचें चित्र पाहून बाहेरूनच नेम हलविणें, अशा युक्त्या निघाल्या. पहारेकरी घरांत बसलेला आणि चोर घराच्या बाहेरून हात घालणारा. भेट व्हावी कशी?

बंदोबस्ताच्या दुसऱ्याही तऱ्हा आहेत. लबाड सांपडला तरी त्याला कित्येकदां लगेच हांकलीत नाहींत. पुष्कळ जमवून एकदम हांकलतात, म्हणजे आपली कोणती युक्ति पकडली गेली हें विक्रेत्याला उमगत नाहीं. दक्षिण कोरियानें २०१६ सालीं कायदा सुधारून असे प्रोग्राम बनविणाऱ्यांस व वांटणाऱ्यांस कैदेची शिक्षा ठेवली. अमेरिकेंत २०१७ सालीं एका कंपनीनें फिर्याद लावली, तों प्रतिवादी चौदा वर्षांचा मुलगा निघाला आणि त्याच्या आईचें पत्र न्यायालयांत दाखल झालें. हें वाचलें त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी फारसें बोललें नाहीं.

येथें गणिताच्या शिक्षकाला एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पुष्कळांस वाटतें, कीं जो फारच चांगला खेळतो त्याला आंकड्यांवरून हुडकावा आणि हांकलावा. मानूं या, कीं १०,००० खेळाडूंत १०० लबाड आहेत, आणि आपली कसोटी शंभरांत ९९ वेळां अचूक आहे. लबाडांपैकीं ९९ सांपडतील, ठीक. परंतु उरलेल्या ९,९०० प्रामाणिकांपैकीं शेंकडा एक या हिशेबानें ९९ जण निष्कारण सांपडतील ! म्हणजे पकडलेल्यांत अर्धे चोर आणि अर्धे साव. शेंकडा ९९ अचूकता ऐकावयास केवढी मोठी वाटते. पण निरपराध्याच्या डोळ्यांतून पाहिलें, कीं ती किती तोकडी आहे हें दिसतें. म्हणून केवळ आंकड्यांवर फांशी देणें बरें नव्हे. व्हॅल्व्हनें २०१३ सालीं अनुभवी खेळाडूंचीच पंचायत बसविली. त्यांनीं संशयिताच्या खेळाचें चित्रण पाहावें आणि निर्णय द्यावा. यंत्राच्या युगांत शेवटीं पंचांच्या पारावर यावें लागलें, यांत आम्हांला कांहीं कमीपणा दिसत नाहीं.

तर मग लबाडी थांबवितां येईल कीं नाहीं ? आमच्या गांवाला जंक्शनाचा मान आहे. धुळ्याची गाडी येथूनच फुटते. त्या गाडींत विनातिकीट प्रवास सर्वस्वी बंद करतां येईल काय ? प्रत्येक डब्याच्या प्रत्येक दारांत तपासनीस उभा केला, तर कदाचित् येईल. पण मग उतारूंना उभें राहावयास जागा उरणार नाहीं. तरीही बहुतेक लोक तिकीट काढतात. कांहीं दंडाच्या भयानें, कांहीं चारचौघांत खालीं मान घालावी लागेल म्हणून, आणि पुष्कळजण केवळ तिकीट काढावयाचें असतें म्हणून. खेळांतही असेंच आहे. लबाडी महाग करतां येते, अवघड करतां येते, अल्पायुषी करतां येते. निर्मूळ करतां येत नाहीं. जो कोणी निर्मूळ करण्याचें आश्वासन देतो, तोही कांहीं तरी विकावयास बसला आहे, असें खुशाल समजावें.

प्रत्यक्ष पंचांच्या डोळ्यांसमोर तरी ती थांबते काय ? २०१८ च्या ऑक्टोबरांत शांघाय येथें आशियाई सामन्यांत एका भारतीय संघाचा खेळाडू असाच प्रोग्राम चालवितांना भर सभागृहांत सांपडला. त्यानें त्याला लेखनाच्या एका सुपरिचित प्रोग्रामचें नांव देऊन दडविलें होतें, आणि पंच जवळ येतांच तो पुसण्याची धडपड केली. संघ बाद झाला आणि लवकरच मोडलाही. चार सोबत्यांचें वर्षावर्षाचें कष्ट एकाच्या खिशांतील चोरीनें बुडाले. २०२१ च्या जूनमध्यें तर याहून विचित्र प्रकार घडला. धर्मादाय निधीसाठीं विश्वनाथन् आनंद नामवंत मंडळींशीं जाळ्यावर बुद्धिबळ खेळले. त्यांत एका तरुण उद्योजकानें त्यांच्यावर मात केली. आणि दुसऱ्या दिवशीं, आपण संगणकाचें व जाणकारांचें साहाय्य घेतल्याचें जाहीरपणें कबूल करून क्षमा मागितली. आपण पटावरील स्थिति पाहून खेळलों आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा होती, अशा आशयाचें आनंद बोलले. हरल्याची तक्रार त्यांत नव्हती. पट एकच आहे या समजुतीनें आपण बसलों आणि समोरच्याचा पट निराळा होता, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

आमच्या मतें लबाडीचें खरें लक्षण हेंच आहे. फसविणें हें सर्वत्र वाईट नव्हे. आमच्याच गांवीं केकी मूस (१९१२–१९८९) नांवाचे थोर छायाचित्रकार होऊन गेले. स्टेशनाजवळचें त्यांचें घर आजही जतन केलेलें आहे. घरांतल्या टेबलावर चिमुकला देखावा मांडून ते असें छायाचित्र घेत, कीं पाहणाऱ्यास खरोखरीचा विस्तीर्ण निसर्ग डोळ्यांपुढें दिसावा. तेथेंही डोळे फसतात. पण फसणारा आणि फसविणारा एकाच आनंदाचे भागीदार असतात, आणि युक्ति कळल्यावर तो आनंद दुणावतो. युक्ति कळतांच ज्याचा आनंद मरतो, ती लबाडी. कौरवांच्या सभेंत युधिष्ठिर हरला, याचें दुःख निराळेंच होतें; पैज दुर्योधनाची आणि फांसा शकुनीच्या हातीं, हें त्या सभेंत बसलेल्या वडीलधाऱ्यांना दिसत होतें आणि त्यांतले बहुतेक उठले नाहींत. लबाडाइतकाच, पाहून न पाहणारा कीर्तीचा वांटेकरीही दोषी असतो. भाजीबाजारांत "हे त्याचे बाबा" ऐकून आम्ही जे फुललों, ते आम्हीही त्या सभेंतलेच होतों. एका महिन्यांत पोराचा नेम इतका कसा सुधारला, हा प्रश्न गणिताच्या शिक्षकाला पडावयास नको होता काय ?

आमच्या लहानपणीं आजी आम्हांला घेऊन कवड्यांनीं पट खेळत असे. एकदां तिची नजर चुकवून आम्हीं पायाच्या अंगठ्यानें एक कवडी उलटी केली आणि डाव जिंकला. आजी कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्हीं पट मांडला, तेव्हां ती वाती वळीत म्हणाली, "तूं खेळ बाबा, तुला काय, दोघांचें दान तुलाच पाडतां येतें." चार दिवस ती बसली नाहीं. त्या चार दुपारीं आम्हांला जें कळलें, तें कोणत्याही पहारेकरी प्रोग्रामनें शिकवितां येणार नाहीं. जाळ्यावरील खेळांत नेमकें हेंच नसतें. समोरच्याला तोंड नाहीं, तो रुसत नाहीं, आणि एक उठून गेला तर दुसरे हजार बसलेलेच असतात.

परंतु आमच्या मुलाच्या बाबतींत एकाला तोंड होतें. आळींतलाच त्याचा एक मित्र. वडिलांचें सायकल-दुरुस्तीचें दुकान. आरंभीं दोघांत तोच सरस होता. मग तीन महिने तो रोज हरूं लागला. आपला हातच मंद आहे, आपल्याला हें जमणार नाहीं, असें म्हणून त्यानें खेळणें सोडलें, आणि सोडतांना आमच्या मुलाला म्हणाला, "तुझ्यासारखा हात देवानेंच द्यावा लागतो." हें शेवटचें वाक्य सांगतांना आमच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. खातें बंद झालें तेव्हां तें आलें नव्हतें.

डावाचें काय, डाव पुन्हां मांडतां येतो. पण त्या मुलाला स्वतःविषयीं एक खोटी गोष्ट सांगितली गेली होती आणि त्यानें ती खरी मानली होती. खेळाचा उपयोग असेल तर तो एवढाच, कीं आपला हात किती चालतो हें त्यांत निर्मळपणें कळतें. लबाडीनें तें ज्ञान दोघांचेंही हिरावलें : एकाला आपला हात खरा होता त्याहून हलका वाटला, आणि दुसऱ्याला आपला हात कसा आहे तें कळलेंच नाहीं.

"मग आतां ?" आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "सांगून येतों." आम्हीं बरोबर येण्याची तयारी दाखविली, त्यानें मान हलविली. तो गेला, आणि आम्ही ओट्यावर बसून राहिलों. पाऊस भुरभुरत होता. एक गाडी आली आणि गेली, दुसरी गेली. सौभाग्यवती दोनदां दारापर्यंत येऊन परत गेल्या. दीड तासानें तो परत आला. काय झालें, हें त्यानें सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. चेहऱ्यावरून एवढें दिसलें, कीं त्याला पुष्कळ ऐकून घ्यावें लागलें होतें.

पुढें तीन आठवडे कांहींच घडलें नाहीं. मग एका रविवारीं तो मित्र आमच्या ओट्यावर येऊन बसला. आमच्या मुलाच्या यंत्रावर त्या खेळाची बंदी कायमच आहे; म्हणून मोबाइल एकच, मित्राचा. मित्रानें अट घातली होती : पाळीपाळीनें खेळावयाचें, आणि एक खेळत असतां दुसऱ्यानें खांद्याला खांदा लावून त्याचा पडदा पाहावयाचा. कांटा आतां चव्हाट्यावर आला होता. पहिली पाळी आमच्या मुलाची. आम्ही वर्तमानपत्राआडून पाहत होतों. तो चौथ्या मिनिटाला मेला. दुसऱ्या डावांत त्याहूनही लवकर. मित्र पोट धरून हंसला आणि म्हणाला, "अरे, तुला तर कांहींच येत नाहीं !"

आमचा मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग तोही हंसला, आणि मोबाइल पुढें करीत म्हणाला, "तूं दाखव ना कसें तें."